घोड्यावर चढताना : घाई नको, हिसका नको

आमच्याकडून माउंटिंग ब्लॉक, म्हणजे घोड्यावर चढायच्या पायऱ्या, घेतलेल्या आणि सॅडल म्हणजे खोगीर दुरुस्तीला देणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्रक. आमचं काम दोनच गोष्टींचं, चढायचे ब्लॉक बनवायचे आणि जुनी सॅडल उसवून परत शिवायची. हे काम करताना एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे सॅडलमध्ये येणारा वाकडेपणा बऱ्याच वेळा चालवण्यातून नाही तर चढण्याच्या सवयीतून येतो. सॅडल टेबलावर उलटी ठेवली की लगेच कळतं, डाव्या रिकिबीचा, म्हणजे पाय ठेवायच्या कडीचा, पट्टा उजव्यापेक्षा एखाद्या भोकाने लांब झालेला असतो, आतला सांगाडा म्हणजे ट्री मागून किंचित पिळलेली असते आणि उजव्या बाजूचं पॅनेल म्हणजे खालची गादी पुढून दबून चपटं झालेलं असतं. चामड्याचं हे होतं तर त्याच्याखालच्या पाठीचं काय होत असेल याचा विचार करा. चामडं आम्ही बदलून देऊ शकतो, पाठ नाही.

जमिनीवरून चढलं की काय होतं

डाव्या रिकिबीत पाय घातला आणि अंग वर ओढलं की काही क्षण तुमचं सगळं वजन घोड्याच्या एकाच बाजूला लटकतं. सॅडल डावीकडे फिरायला बघते, आणि तिला फिरू न देण्याचं काम मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा करतो, ज्याला सगळे विदर्सच म्हणतात. विदर्स म्हणजे मणक्यांची वर आलेली लांब हाडं, त्यांच्यावर मांस फार नसतं, त्यामुळे ट्रीची उजवी बाजू तिथे सरळ रुतते. त्यात घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं, त्याचे पुढचे पाय धडाला फक्त स्नायू आणि स्नायूबंधांनी बांधलेले असतात, म्हणजे हा तिरका ओढा झेलायला हाडाचा आधारच नाही, सगळं स्नायूंनाच सांभाळावं लागतं. पाठीवर सॅक असताना कोणी तिच्या एकाच पट्ट्याला लोंबकळलं तर तुम्हीही तोल सावरायला एक पाऊल बाजूला टाकालच ना, घोडाही तेच करतो. आणि आपण म्हणतो हा उभाच राहत नाही, फार चंचल आहे.

म्हणून आमचं म्हणणं एकच आहे, रोजच्या रोज उंचावरूनच चढा. जमिनीवरून चढता येणं शिकून ठेवा, कारण रानात किंवा लांबच्या फेरीत मध्येच उतरावं लागलं तर ते लागतंच, पण ती अडचणीच्या वेळेची सोय आहे, रोजची सवय नाही. उंचावरून चढणं म्हणजे नवशिक्यांचं काम असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका, चांगले मुरलेले रायडर्स ब्लॉकशिवाय चढत नाहीत आणि त्याचं कारण त्यांचे गुडघे नसून घोड्याची पाठ असते.

ब्लॉक कसा असावा, कुठे ठेवावा

वरच्या पायरीवर उभं राहून डावा पाय रिकिबीत सहज जायला हवा, गुडघा कमरेच्या वर उचलावा लागत असेल तर ब्लॉक कमी पडतोय. १५ हँडच्या घोड्याला, म्हणजे विदर्सपाशी साधारण १५२ सेंटिमीटर, ५० ते ६० सेंटिमीटरचा ब्लॉक बहुतेकांना पुरतो, घोडा उंच असेल किंवा तुमची उंची कमी असेल तर तीन पायऱ्यांचा घ्या. वर दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून वळता येईल एवढी जागा पाहिजे, पृष्ठभाग खरखरीत पाहिजे आणि पायऱ्यांच्या मध्ये खूर अडकेल अशी फट नको. प्लॅस्टिकची खुर्ची, पालथी बादली, विटांचा ढीग हे कृपया वापरू नका, खुर्ची सरकते, बादली दबते, आणि नेमकं तुमचा एक पाय रिकिबीत असतानाच सरकते.

जागा सपाट आणि मोकळी हवी. भिंत आणि ब्लॉक यांच्या चिंचोळ्या फटीत घोड्याला घुसवू नका, त्याला बाजूला व्हायला वाव नसला की तो घाबरतो. तबेल्याच्या आत किंवा दाराच्या चौकटीखाली तर अजिबात चढायचं नाही, घोड्याने नुसती मान वर केली तरी तुमचं डोकं वरच्या तुळईला लागेल.

चढण्याआधी दोन मिनिटं

हेल्मेट घोड्याजवळ जाण्याआधीच घाला, हनुवटीखालचा पट्टा लावून, कारण चढताना दोन्ही हात कामात असतात आणि पट्टा मग लावू म्हटलं की तो राहतोच. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी बदला, आतला फोम एकदा दबला की परत तसं काम करत नाही. बुटाला छोटी का होईना टाच हवी, सपाट स्पोर्ट्स शूज घालून बसलात तर पाय रिकिबीतून आरपार जाऊ शकतो आणि पडताना पाय अडकणं यासारखी वाईट गोष्ट नाही. रिकीब बुटापेक्षा एकूण दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावी. लहान मुलांना मोठ्यांची रिकीब देऊ नका, हे आम्ही ऑर्डर घेतानाही सांगतो आणि इथेही सांगतोय, कारण मोठ्या रिकिबीतून लहान पाऊल आख्खं पलीकडे जातं.

सॅडलला जिथे रिकिबीचा पट्टा अडकतो त्या बारच्या टोकाला एक छोटी खिटी असते, ती उघडी म्हणजे आडवी ठेवा, म्हणजे पाय अडकलाच तर पट्टा मागे सरकून सुटून येतो. दुरुस्तीला आलेल्या सॅडलमध्ये ही खिटी गंजून वर अडकलेली बऱ्याचदा सापडते आणि मालकाला ती आहे हेच माहीत नसतं, तेव्हा आज घरी गेल्यावर सॅडलच्या बाजूचा फ्लॅप उचलून बघाच. पट्ट्याची लांबी ढोबळमानाने मापायची तर बोटांची टोकं बारवर ठेवून रिकीब काखेपर्यंत आली पाहिजे, बाकी बसल्यावर अॅडजस्ट करा.

आता तंग, म्हणजे सॅडल धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, कारण घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा इथेच. एका दमात कचकन तंग आवळू नका. आधी नुसता लागेल एवढा लावा, घोड्याला थोडं चालवा, मग एक भोक, परत थोडं चालवा, मग अजून एक. बरेच घोडे तंग लावताना छाती फुगवतात आणि चालले की सैल सोडतात, म्हणून गोठ्यात घट्ट वाटलेला तंग ब्लॉकपाशी येईपर्यंत ढिला झालेला असतो. चढण्याच्या अगदी आधी एकदा बघायचा आणि बसून पाच-दहा मिनिटं चालल्यावर परत एकदा. तंग लावून झाला की पुढचे पाय एकेक करून हलकेच पुढे ओढा, कोपरामागे कातडीची घडी अडकली असेल तर सुटते, एवढ्याशा गोष्टीनेही काही घोडे चढताना कुरकुर करायचे थांबतात. सैल तंग म्हणजे सॅडल पोटाखाली, हे सगळ्यांना माहीत असतं, पण अती घट्ट तंगाने घोडा आखडतो आणि पाठ पोकळ करतो हे लोक विसरतात.

चढणं

घोडा ब्लॉकला समांतर, चारही पायांवर वजन सारखं घेऊन उभा असू दे. एक पाय विश्रांतीला वाकवलेला असेल तर थांबा, नाहीतर तुमचं वजन आलं की त्याला पाय हलवावाच लागेल. मानेवर हात फिरवा, आवाज द्या. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, जवळजवळ ३५० अंशांचं त्याला दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. तुम्ही चढताना त्याच्या डाव्या डोळ्यासमोरून नाहीसे होता आणि एकदम उजव्या डोळ्याच्या कडेला एक पाय उगवतो, हे त्याच्या बाजूने बघितलं तर दचकणं किती साहजिक आहे ते कळतं.

लगाम डाव्या हातात, दोन्ही बाजूंनी सारखा, तोंड ओढलं जाणार नाही पण घोडा पुढे निघाला तर लगेच कळेल इतपत. त्याच हातात आयाळीची एक जुडी धरा. आयाळ धरल्याने घोड्याला त्रास होत नाही, तोल गेला तर तोंडाला हिसका बसत नाही, म्हणून बिनधास्त धरा. उजवा हात सॅडलच्या पुढच्या उंच भागावर किंवा पलीकडच्या बाजूला पुढे ठेवा. मागच्या कडेला, म्हणजे कँटलला धरून चढू नका, प्लीज. ट्री पिळली जाते ती बऱ्याचदा याच सवयीने, आणि पाय टाकायची वेळ आली की तो हात तिथून काढावाच लागतो, म्हणजे नेमकं आधार हवा तेव्हा तो नसतो.

डावं पाऊल रिकिबीत रुंद भागापर्यंत ठेवा, बुटाचं टोक घोड्याच्या बरगडीत टोचायला नको, टोचलं तर त्याला वाटतं चल म्हणताय. मग उजव्या पायाने ब्लॉकवरून उठा, ओढून नाही तर उभं राहून, छाती सॅडलच्या वर आणत, म्हणजे वजन लगेच मधोमध येतं. उजवा पाय पुठ्ठ्यावरून चांगला उंच न्या, टाच पाठीला घासायला नको. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, पाय पलीकडे गेला म्हणजे धपकन बसायचं नाही. क्षणभर हातांवर आणि मांड्यांवर वजन पेला आणि मग हळूच खाली या. रिकिबी आल्याच नव्हत्या त्या काळात, इसवी सन पूर्व चौथ्या शतकात, झेनोफॉन हा ग्रीक सेनानी स्वारांना हेच सांगत होता की घोड्याच्या पाठीवर गुडघा टेकवू नका, पाय सरळ पलीकडे न्या आणि अलगद बसा. इतकं जुनं आहे हे.

बसल्यावर उजवी रिकीब पायानेच शोधा, खाली वाकून हाताने नको. आणि मग थांबा. लगाम नीट घ्या, श्वास घ्या, घोड्याला शाबासकी द्या, आणि तुम्ही सांगाल तेव्हाच तो निघू दे. बसल्या बसल्या चालायला लागण्याची सवय आपणच लावतो, रोज बूड टेकताच टाच मारून.

नवीन माणूस किंवा लहान मूल चढत असेल तर एकाने घोडा धरावा आणि उजवी रिकीब खाली दाबून ठेवावी म्हणजे सॅडल फिरत नाही. धरणाऱ्याने घोड्याच्या थेट पुढ्यात उभं राहू नये, खांद्यापाशी राहावं. कोणी डावी नडगी धरून वर ढकलणार असेल तर आकडे आधी ठरवा, तीनला उडी मारायची की तीननंतर, यात गडबड झाली की माणूस पलीकडच्या बाजूला पडतो.

उजवीकडून पण चढा

डावीकडून चढायची रीत तलवारीमुळे पडली, ती डाव्या कमरेला लटकायची आणि उजवीकडून चढलं तर पायात यायची. आता तलवार नाही, तेव्हा अधूनमधून उजवीकडून चढायला काही हरकत नाही, घोड्याच्या दोन्ही बाजूंना सारखं काम मिळतं. घोड्याला मात्र याची वेगळी सवय लावावी लागते, एका बाजूने शिकलेलं तो दुसऱ्या बाजूने आपोआप करेलच असं नाही. सुरुवातीला फक्त उजवीकडे ब्लॉक ठेवून त्यावर उभे राहा, मग पाठीवर हात टाका, मग थोडं वजन द्या आणि काढून घ्या, तो शांत असला तरच पुढे जा. नवा ब्लॉक घरी नेल्यावर पण हेच करायचं. पहिल्याच दिवशी चढलंच पाहिजे असं काही नाही.

घोडा उभाच राहत नसेल तर

मारू नका, लगाम खेचून धरू नका. एक छोटा गोल फिरवून परत ब्लॉकपाशी आणा, उभा राहिला की कौतुक. पण ज्या घोड्याचं आधी नीट होतं आणि आता ब्लॉक दिसला की कान मागे टाकतो, शेपटी आपटतो, तंग लावताना चावायला येतो, बसल्यावर पाठ खाली दाबतो किंवा उलट कमान करतो, तो हट्टी झाला असं म्हणण्याआधी त्याला दुखतंय का हे बघा. सॅडल रुतत असेल, पाठ धरली असेल, पोटात अल्सर असेल, पायात काही असेल. आधी डॉक्टर, मग आम्ही, आणि ट्रेनिंग सगळ्यात शेवटी. हा क्रम आम्ही मुद्दाम असा लिहितोय, त्यात आमचं गिऱ्हाईक एक दिवस उशिरा आलं तरी चालेल.

उतरताना

आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढा. डावा पाय रिकिबीत ठेवून उतरू नका, त्या क्षणी घोडा निघाला तर तुम्ही लटकता. पुढे झुका, उजवा पाय मागून उंच आणा, पोट सॅडलला घासत खाली सरका आणि गुडघे वाकवून टेका. पाय मानेवरून पुढून काढू नका, तसं करताना लगाम सुटलेला असतो. उतरल्यावर रिकिबी वर सरकवा, तंग एक-दोन भोकं सैल करा आणि मग चालवत न्या.

दोन्ही रिकिबींचे पट्टे ठरावीक दिवसांनी डावे उजवीकडे, उजवे डावीकडे असे बदलत राहा म्हणजे लांबी सारखी राहते. सॅडल तपासायला आणाल तेव्हा तिच्याखालचं पॅड न धुता सोबत आणा. घामाने ओलं झालेलं आणि मध्येच कोरडं राहिलेलं कुठे आहे, केस कुठे घासलेत, कुठल्या बाजूला माती जास्त आहे यावरून सॅडल कुठे दाबते आणि कुठे टेकतच नाही याचा बराच अंदाज येतो, आणि धुतलेल्या पॅडवर यातलं काहीच उरत नाही.