एम.एफ.एस्सी.साठी वर्सोव्याच्या सीआयएफईत प्रवेश : पात्रता, कागदपत्रं आणि हमखास होणारी एक चूक

बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, झाल्यावर मुंबईतच, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत (सीआयएफई) एम.एफ.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी करावी, असं रत्नागिरी, नागपूर, उदगीरच्या अनेक मुलांच्या मनात असतं. संस्था १९६१ सालची, १९८९पासून अभिमत विद्यापीठ. तिथल्या एम.एफ.एस्सी.च्या जागा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या एआयईईए-पीजी या अखिल भारतीय परीक्षेतून भरतात. ही परीक्षा एनटीए, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा संस्था, घेते. अर्जही तिच्याच संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. इथे डोमिसाइलचा उपयोग नाही.

पदवी चार वर्षांची बी.एफ.एस्सी.च हवी. गुण किमान ६० टक्के. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ५० टक्के. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलेल्यांना मात्र ही वाट बंद आहे, गुण कितीही असोत. फी भरल्यावर हे कळलं की फार वाईट वाटतं, म्हणून आधीच सांगते. वन्यजीवांकडे ओढा असेल तर त्यांनी देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या एम.एस्सी.ची जाहिरात पाहावी. तिथे इतर विज्ञान शाखांचे पदवीधरही चालतात.

अर्ज भरताना फोटो, सही, दहावीच्या सनदेप्रमाणे नाव आणि जन्मतारीख लागते. मुख्य विषय म्हणून मत्स्यविज्ञान निवडायचं. मत्स्यसंवर्धन की मत्स्यप्रक्रिया, हे नंतर समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, वेळी पसंतीक्रमात भरायचं.

आता ती चूक. ओबीसी विद्यार्थी सेतू केंद्रातून काढलेलं, नेहमीचं मराठी नॉन-क्रिमीलेअर जोडतात. ते राज्यातल्या प्रवेशांसाठी असतं. इथे केंद्राच्या नमुन्यातलं, इंग्रजीत छापलेलं, वर ‘भारत सरकार’चा उल्लेख असलेलं प्रमाणपत्र लागतं. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हेही आधी बघा. विमुक्त, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांना केंद्रात वेगळं आरक्षण नाही. जात त्या यादीत असेल तर ओबीसीतून अर्ज करायचा. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखलाही केंद्राच्याच नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षाचा हवा. गेल्या वर्षी माझ्या ओळखीतल्या एका मुलीने समुपदेशनाची तारीख लागल्यावर हा दाखला काढायला घेतला आणि साहेबांच्या सहीसाठी आठवडाभर तहसीलच्या बाकावर बसून काढला. अर्ज सुरू होण्याआधीच तो काढून ठेवा.

निकालानंतर ऑनलाइन समुपदेशनात नोंदणी करायची, पसंतीक्रम भरायचा, जागा मिळाली की मुदतीत शुल्क भरून ती पक्की करायची. संस्थेत हजर होताना मूळ गुणपत्रकं, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्याचं प्रमाणपत्र) आणि कॉलेज सोडल्याचा दाखला सोबत ठेवा. मायग्रेशन विद्यापीठाकडून यायला वेळ लागतो. त्याचा अर्ज शेवटच्या सत्राचा निकाल लागला त्याच दिवशी द्या.