देठ किती ठेवायचा?

वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा तोडा सुरू झाला, की बागेत हमखास ओरड ऐकू येते, "वढू नको ना बाप्पा, कैची लाव!" ओढलं तर देठाजवळची साल फाटते आणि फळ तिथूनच सडतं. देठ लांब राहिला तर क्रेटमधल्या शेजारच्या संत्र्याला टोचतो. प्रयोगशाळेत प्रथिनाचा टॅग कापणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो.

जिवाणूकडून हवं ते प्रथिन करून घेताना त्याच्या टोकाला बहुधा सहा हिस्टिडिनची (हे एक अमिनो आम्ल, प्रथिनाच्या साखळीतली कडी) शेपटी, म्हणजे टॅग, जोडतात. ही शेपटी निकेलला धरून राहते, त्यामुळे पेशीतल्या बाकीच्या गर्दीतून आपलं प्रथिन वेगळं निघतं. पुढे मात्र ती कामात आड येऊ शकते. मग लागतं प्रोटीज, प्रथिन कापणारं विकर. ते अमिनो आम्लांची ठरावीक खूण ओळखून कापतं; ही खूण टॅग आणि प्रथिन यांच्यामध्ये आधीच ठेवलेली असते.

आता कैची कोणती? रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन जुनं आणि ओळखीचं, पण त्याची नजर ढिली. कधी कधी फळालाही कापतं. रक्त गोठण्यातलंच फॅक्टर टेन-ए आणि आतड्यातलं एंटरोकायनेज आपल्या खुणेच्या अगदी शेवटी कापतात. टॅग प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला असेल तर देठ, म्हणजे प्रथिनाला चिकटून राहिलेला खुणेचा तुकडा, अजिबात उरत नाही. भलतीकडे कापण्याची खोड मात्र त्यांनाही आहे. तंबाखूवरच्या एका विषाणूचं टीईव्ही प्रोटीज सात अमिनो आम्लांची खूण शोधतं. एवढी लांब खूण दुसरीकडे सापडणं विरळाच. मागे एक ग्लायसिन किंवा सेरिन उरतं, आणि थंडीत ते संथ चालतं. नाजूक प्रथिन ४ अंशांवरच ठेवायचं असेल, तर सर्दीच्या विषाणूचं थ्रीसी बरं. त्याचा देठ दोन आम्लांचा.

माझं मत टीईव्हीला. त्यालाही हिस्टिडिनची शेपटी असली, तर कापणी झाल्यावर सगळं पुन्हा निकेलवरून सोडायचं. कैची आणि कापलेली शेपटी अडकतात, फळ खाली उतरतं.

पण आधी फळ बघावं. १९७८ साली जिवाणूंकडून मानवी इन्सुलिनच्या साखळ्या करून घेतल्या, तेव्हा त्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या मोठ्या प्रथिनाला जोडलेल्या होत्या. सांध्यावर मेथिओनिन हे एक अमिनो आम्ल ठेवलं होतं. कापायला विकरही नव्हतं. सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन दिसेल त्या मेथिओनिनपाशी तोडत सुटतं. जोडीदार प्रथिनाचे तुकडे तुकडे झाले. इन्सुलिनला धक्का लागला नाही, कारण त्यात मेथिओनिन एकही नाही.