चार माणसं, तीनशे वॅट

डिसेंबरातल्या एका रात्री साडेदहाला आमच्या बिल्डिंगची लाईट गेली. ट्रान्सफॉर्मरमध्ये काहीतरी उडालं होतं, सकाळशिवाय काही खरं नाही असं कळलं. बाहेर आठ अंश. वरच्या मजल्यावरच्या काकू मोबाईलचा टॉर्च घेऊन खाली आल्या. "अरे, आमच्या इन्व्हर्टरवर रूम हीटर चालेल का? सासूबाई नुसत्या कुडकुडतायत."

"नाही चालायचा, काकू."

घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची असते. गुणाकार केला की १,८०० वॅट-तास, म्हणजे दोन युनिटसुद्धा नाहीत. हीटर २,००० वॅटचा. साधा इन्व्हर्टर एवढा लोड घेतच नाही, टुंईं करून बंद पडतो. घेतला असता तरी तासाच्या आत बॅटरी झोपली असती. तीच बॅटरी नऊ वॅटचा एलईडी दिवा मात्र कित्येक रात्री चालवते. उजेडाला वीज किरकोळ लागते, उबेला भरमसाट.

तसाही विजेवर खोली तापवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आपल्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो, त्याच्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन तारेत येतो, बाकीची कूलिंग टॉवर आणि धुरांड्यातून हवेत जाते. आणि आपण त्या विजेची घरी पुन्हा उष्णता करतो.

"मग घमेल्यात कोळसे पेटवून खोलीत ठेवते," काकू म्हणाल्या. "आमच्या गावी आजी शेगडी ठेवायचीच की."

इथे मात्र मी उठून उभा राहिलो.

धूर नाही, म्हणजे निखारा निर्धोक, असं आपल्याला वाटतं. खरं तर लालबुंद निखाऱ्यांचा ढीग हा कार्बन मोनॉक्साइडचा कारखानाच असतो. खालच्या कोळशाला हवा मिळते, तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर चढताना तापलेल्या कोळशातून जातो, कार्बनचा आणखी एक अणू उचलतो आणि त्याचा मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते ना, तो हाच वायू जळत असतो. जो जळत नाही तो खोलीत पसरतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, पेंग येते आणि आपण म्हणतो, चला, ऊब लागली, झोप आली. मोकळ्या हवेत आणल्यावरही रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. कोविडच्या काळात घेतलेला बोटावरचा ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, त्यामुळे माणूस गुदमरत असताना आकडा ९८ दिसू शकतो.

मग काकूंच्या आजीला काही कसं झालं नाही? कारण आजीचं घर कौलारू होतं. कौलांच्या फटी, दाराखालून येणारा वारा, भिंतीतला झरोका. घर गळकं होतं म्हणून शेगडी पचली. आमच्या फ्लॅटला सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आहेत, कडेला रबर. घर जितकं बंदिस्त, तितकी शेगडी घातक. बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावतात, तीही याच वायूने.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं, डॅलसचा पारा उणे १९ अंशांवर गेला आणि लाखो घरांची वीज गेली. राज्य सरकारने मोजलेल्या २४६ मृत्यूंपैकी बहुतेक थेट गारठ्याने झाले, पण १९ जण कार्बन मोनॉक्साइडने गेले. तिथे लोकांनी कोळशाच्या ग्रिल घरात आणल्या, बंद गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवून आत बसले.

काकूंना म्हटलं, घमेलं राहू द्या, सासूबाईंना घेऊन तुम्हीच खाली या.

खाली बोलवायला कारण होतं. नाशिकची थंडी नुसती वाऱ्याबरोबर येत नाही. बरीचशी ऊब वर निघून जाते म्हणून गारठा पडतो. कोरड्या, निरभ्र रात्री जमीन आणि गच्ची आपली उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांनी आकाशाकडे फेकत राहतात, परत पाठवायला ढग नसतात. आभाळ आलं की थंडी कमी होते, हे शेतकऱ्याला पाठच असतं. निफाडचा सखल भाग तर जड, गार हवा धरून ठेवतो. तिथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. तेव्हा द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटल्या होत्या, पण त्या उघड्यावर. वरच्या मजल्याचा स्लॅबही असाच आकाशाला ऊब वाटून टाकतो. मधल्या मजल्याला मात्र खाली-वर शेजाऱ्यांची घरं असतात आणि विटांच्या भिंती दिवसभराचं ऊन पहाटेपर्यंत पुरवतात. पत्र्याच्या खोलीत ही साठवण नसते; तिथे पहाटे पत्र्याला आतून दव सुटतं. आणि द्राक्षाच्या कामाला पेठ-सुरगाण्याहून आलेली माणसं ज्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात, तिथे बहुधा वीजच नसते, लाईट जाण्याचा प्रश्नच येत नाही.

आता हिशेब उलटा करू. झोपलेला माणूस साधारण ७५ वॅट उष्णता देतो. एका छोट्या खोलीत चौघं झोपलो की झाले तीनशे. खोली तापवायला ते अपुरेच, पण आपल्याला खोली तापवायची नव्हती. पांघरुणाच्या आतली हवा धरून ठेवायची होती. आईच्या जुन्या नऊवारींच्या गोधडीत थरांमध्ये हवा अडकलेली असते, आणि अशी थांबलेली हवा विटेपेक्षा पंचवीसेक पट कमी उष्णता वाहून नेते. एका जाड रजईपेक्षा दोन गोधड्या बऱ्या त्या यामुळे. फक्त एक गोधडी अंगाखाली हवी. शहाबादी फरशी जी ऊब ओढते ती वरून कितीही पांघरलं तरी भरून निघत नाही. म्हणून खाली सतरंजी, तिच्यावर घोंगडी. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल पिऊनही ओली लागत नाही.

शेजारचे काका पेला घेऊन हजर झालेच. नाशिक वाईनची राजधानी असली तरी थंडीवर तिचा उतारा चालत नाही. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर पडते.

माझं लक्ष काकूंच्या सासूबाईंकडे, म्हणजे आमच्या आजींकडे होतं. म्हाताऱ्या माणसांना थंडी उशिरा जाणवते, कुडकुडणंही कमजोर असतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की बोलणं अडखळतं, माणूस गोंधळतो आणि ते आणखी उतरलं की कुडकुडणं थांबू लागतं. कुडकुडणं थांबलं म्हणून हायसं वाटून घ्यायचं नसतं, दवाखान्यात न्यायला गाडी काढायची असते. आजी कुडकुडत होत्या आणि मला नावं ठेवत होत्या, म्हणजे ठीक होत्या.

गॅसला वीज लागत नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडून लिटरभर पाणी तापवलं आणि साध्या स्टीलच्या बाटलीत भरलं. थर्मासची नको, ती उष्णता बाहेर सोडतच नाही. ६५ अंशांवरून ३५ वर येताना हे पाणी सुमारे ३५ वॅट-तास देतं. हीटरपुढे ते काहीच नाही, पण सगळं पांघरुणाच्या आत मिळतं. बाटली टॉवेलात गुंडाळून आजींच्या पायाशी ठेवली, अंगाला थेट नाही. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर भाजलेलं कळत नाही.

लाईट सकाळी पावणेसातला आली. आजींनी गोधडीतून बाटली काढली, हात लावून पाहिला. अजून कोमट होती. त्याच पाण्याने त्यांनी तोंड धुतलं आणि काकूंना विचारलं, "चहा कुठे आहे?"