टी-सेल्सना लिपिड दिसतं हे कळायला इतका उशीर का झाला

इम्युनॉलॉजीची जुनी पुस्तकं उघडा, एकच पाठ मिळतो: टी-सेलला (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) फक्त प्रोटीनचे तुकडे दिसतात, तेही एमएचसी रेणूवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या जणू ताटलीवर, मांडलेले. 1987 ला एचएलए-ए2 या माणसाच्या एमएचसी रेणूचं स्ट्रक्चर आलं, तुकडा बसायची खाचच दिसली, मग काय, विषय संपल्यातच जमा. आता टीबीच्या जंतूचं कवच बघा, मेणचट लिपिडनी (चरबीच्या जातीच्या रेणूंनी) गच्च भरलेलं, ते सगळं टी-सेलच्या नजरेतून सुटत असेल का, हे विचारायच्या भानगडीत फारसं कोणी पडलं नाही.

गंमत म्हणजे सीडी1 हा रेणू 1979 पासून माहीत होता, मिलस्टीन वगैरे शास्त्रज्ञ मंडळींच्या अँटीबॉडीमुळे थायमसच्या (टी-सेल जिथे तयार होतात त्या ग्रंथीच्या) पेशींवर सापडला होता. 1986 ला जीन क्लोन झाले, दिसायला एमएचसीचा भाऊबंद, पण राहतो वेगळ्याच क्रोमोसोमवर आणि काम काय करतो कोणास ठाऊक.

मग बॉस्टनला ब्रेनर आणि पोर्सेली यांच्या ग्रुपने 1992 मध्ये दाखवलं की सीडी4 पण नाही आणि सीडी8 पण नाही (टी-सेलवरच्या या नेहमीच्या दोन खुणा) अशा टी-सेल्स सीडी1बी या सीडी1 च्या एका प्रकारावरून टीबीच्या जंतूचं काहीतरी ओळखतात. ते "काहीतरी" प्रोटीनच असणार असं कोणालाही वाटलं असतं, पण 1994 ला निघालं मायकोलिक अ‍ॅसिड, म्हणजे चक्क लिपिड! पुढच्या वर्षी लिपोअरॅबिनोमॅनन, हे टीबीच्या कवचातलं साखर जोडलेलं लिपिड. मला सगळ्यात भारी वाटतो तो 1997 चा ग्लुकोज मोनोमायकोलेटवाला (मायकोलिक अ‍ॅसिडला ग्लुकोज जोडलेलं लिपिड) पेपर: लिपिडची शेपटी थोडी बदलली तरी टी-सेलला फरक पडत नाही, पण ग्लुकोजच्या जागी मॅनोज किंवा गॅलॅक्टोज लावलं की ढिम्म हलत नाही, आणि या साखरांत फरक किती, तर एखाद्या हायड्रॉक्सिलची दिशा. कारण सरळ आहे, शेपट्या सीडी1 च्या खोल खाचेत जातात आणि साखर तेवढी वर उघडी राहते.

त्याच वर्षी एनकेटी सेल्स (सीडी1डी या प्रकारावरून ओळखणाऱ्या टी-सेल्स) नेमकं काय ओळखतात हे कोडं सुटलं, तेही समुद्री स्पंजातल्या अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड या साखर जोडलेल्या लिपिडमुळे. स्पंजाचा आणि इन्फेक्शनचा काय संबंध, असं कोणीही म्हणेल, पण 2005 ला स्फिंगोमोनास या बॅक्टेरियात तसलेच ग्लायकोलिपिड (साखर जोडलेले लिपिड) मिळाले, या जंतूकडे अशा बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणात असतं ते नेहमीचं एलपीएस नसतंच, त्याची जागा यांनी घेतलेली.

आणि उशिराचं एक मोठं कारण माझ्या मते उंदीर. सगळी इम्युनॉलॉजी त्याच्यावर चालते आणि त्याच्याकडे नेमके सीडी1ए, बी, सी नाहीतच, फक्त सीडी1डी आहे, त्यामुळे टीबीच्या लिपिडवरचं बरंच काम गिनिपिगवर नाहीतर माणसाचा जीन घातलेल्या उंदरांवर करावं लागलं.