झाडपाला, इन्सुलिन आणि १९९४ साल

टाइप २ मधुमेहात इन्सुलिन आटलेलंच असतं असं नाही. बऱ्याचदा ते भरपूर असतं, पण स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी त्याला दाद देत नाहीत. हे उमगायला वेळ लागला. लंडनचे डॉक्टर हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये रुग्णांना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकदमच दिलं. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची चढत गेली, म्हणजे त्यांच्या शरीराने इन्सुलिनला दाद दिली नाही. रक्तातलं इन्सुलिन नेमकं मोजता आलं ते १९६० च्या सुमारास, यॅलो आणि बर्सन या अमेरिकन संशोधकांच्या पद्धतीमुळे.

झाडपाल्याचे उपाय त्याच्या कितीतरी आधीचे. त्यातली खरी गोष्ट सांगावी तर गॅलेगाची. फिकट जांभळ्या फुलांची ही शेंगावर्गीय वनस्पती युरोपातल्या जुन्या वैदूंच्या वापरातली. पण मेंढ्यांनी जास्त खाल्ली तर दगावतात. तिच्यातला गॅलेगिन हा घटक साखर उतरवतो, हे कळल्यावर १९२० च्या दशकात तो रुग्णांवर वापरून पाहिला गेला. गुण होता, पण विषारीपणाही होता. त्याच्याच नात्यातलं मेटफॉर्मिन हे साखर उतरवणारं औषध १९२२ मध्ये डब्लिनच्या प्रयोगशाळेत तयार झालं. त्याच वर्षी इन्सुलिन रुग्णांना मिळू लागलं, मग गोळीकडे कोण बघणार? पॅरिसचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ती पुन्हा पुढे आणली. तिचं भावंड फेनफॉर्मिन मात्र रक्तात लॅक्टिक आम्ल साचवतं म्हणून १९७० च्या दशकात बाद झालं.

त्या धसक्यामुळे अमेरिकेत मेटफॉर्मिनला मंजुरी मिळायला डिसेंबर १९९४ उजाडला. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिथे पूरक आहाराचा कायदा झाला होता. त्यानुसार वनस्पतीजन्य कॅप्सूल विकण्याआधी ती गुणकारी आहे हे सिद्ध करायची गरज नाही. फक्त ‘मधुमेह बरा होतो’ असा दावा करायचा नाही. एका पदार्थाला अग्निपरीक्षा, दुसऱ्याला मोकळं रान. अशा कॅप्सूलच्या आजच्या बाजाराचं मूळ मला इथेच दिसतं.

पुढे दालचिनी गाजली. २००३ च्या ६० रुग्णांच्या अभ्यासात ती घेणाऱ्यांची साखर उतरली. पण अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याला तिची शिफारस करण्याइतका पुरावा सापडला नाही. दारुहळदीसारख्या वनस्पतींतल्या बर्बेरिन या घटकाची बाजू जरा बळकट. २००८ मध्ये चीनमधल्या एका छोट्या चाचणीत ते मेटफॉर्मिनच्या जवळपास पोचलं. पण यकृतात औषधं पचवणाऱ्या काही एन्झाइमांना ते अडवतं, त्यामुळे सोबत घेतलेल्या इतर गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायचं ते यासाठी.