शेवटचा एक मिलिमीटर

बेळगावच्या शहापुरातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. कपाट रिकामं करताना मालकांनी एक लेन्स माझ्या हातात ठेवली. हेलिओस ४४-२, नाभीय अंतर ५८ मिमी, छिद्र पूर्ण उघडलं की एफ/२. सोव्हिएत काळात झेनिट कॅमेऱ्यांबरोबर यायची ती. ऑटोफोकस नाही, मोटर नाही, चिप नाही; सगळं हाताने फिरवायचं. माझ्याकडे तेव्हा निकॉनचा डीएसएलआर होता. ही लेन्स त्यावर बसवायची एक साधी धातूची कडी (अडॅप्टर) मिळते, ती मागवली आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला लेन्स घेऊन गेलो.

झांजपथकातल्या पोराच्या हातातली झांज, तिचा लाल गोंडा, मनगटावरचा घाम असं सगळं लख्ख आलं. मागून येणारा चित्ररथ मात्र काही केल्या स्पष्ट होईना. फोकसची कडी शेवटपर्यंत फिरवली, आणखी फिरेना. घरी येऊन बघितलं तर दोन-सव्वादोन मीटरच्या पलीकडचं सगळं जग पुसट.

दुरुस्तीवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "लांबचं येईना झालंय ओ हिच्यात. बुरशी लागलीय, नाहीतर आतली काच सरकलीय. शोकेसमध्ये ठेवा." शेजारच्या काकूंचं निदान वेगळं होतं. धंदा मोडलेल्या माणसाची वस्तू घरात आणू नये, नजर लागते. बुरशीचं मी समजू शकतो, आपल्याकडचा पाऊस बघता कपाटात पडलेल्या लेन्सला ती लागतेच. पण बुरशी काचेवर बसते आणि सगळ्याच फोटोवर धुरकटपणा आणते. जवळचं सोडून लांबचं तेवढं बिघडवायचं, हे तिला जमत नाही. नजरेबद्दल मात्र मला स्पष्टच बोलायचं आहे. अशी कारणं ऐकून कितीतरी चांगल्या वस्तू भंगारात गेल्या आहेत, आणि माणसांनाही त्याचा त्रास झाला आहे. दोष मोजता येतो, तिथे आधी मोजपट्टी घ्यावी. मी घेतली.

शाळेत भिंगाने कागद जाळलेला असेल. सूर्य फार लांब आहे, म्हणून त्याची प्रतिमा भिंगापासून बरोबर नाभीय अंतरावर पडते. तिथे कागद धरला की ठिपका सगळ्यात लहान आणि सगळ्यात तापलेला. कॅमेऱ्यात त्या कागदाच्या जागी फिल्म किंवा सेन्सर असतो. वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे सरकते, म्हणून भिंग तेवढंच पुढे न्यावं लागतं. अशा साध्या मॅन्युअल लेन्सची फोकसची कडी फिरवताना तुम्ही नेमकं हेच करता. आतल्या आट्यांवर सगळा काचसंच पुढे-मागे सरकतो, दुसरं काही होत नाही.

आता मला जे फार आवडतं ते सांगतो. भिंग किती पुढे न्यायचं याचा एक सोपा हिशोब आहे, न्यूटनच्या नावाने ओळखला जातो. वस्तूचं अंतर भिंगाच्या पुढच्या नाभीपासून, म्हणजे भिंगासमोर नाभीय अंतरावर असलेल्या बिंदूपासून मोजा. भिंग अनंताच्या जागेपासून, म्हणजे अगदी लांबचं स्पष्ट दिसतं तिथून, जेवढं पुढे सरकलं ते सरकणं मोजा. दोन्हींचा गुणाकार नेहमी नाभीय अंतराच्या वर्गाएवढा. आमच्या हेलिओससाठी ५८ गुणिले ५८, म्हणजे ३३६४.

हा एक आकडा हातात आला की लेन्सचं सगळं पोट उघडं पडतं. अर्ध्या मीटरवरच्या वस्तूसाठी, म्हणजे ही लेन्स जितकं जवळ बघू शकते तिथे, काच सुमारे ९ मिमी पुढे येते. १ मिमी पुढे असेल तर ३३६४ भागिले १, म्हणजे जवळजवळ ३.४ मीटर. ०.१ मिमी पुढे असेल तर ३४ मीटर. ०.०१ मिमी असेल तर ३३६ मीटर. पुन्हा वाचा. काचेच्या ९ मिलिमीटर प्रवासातले पहिले ८ मिलिमीटर टेबलावरच्या चहाच्या कपापासून खोलीच्या भिंतीपर्यंत जातात. उरलेल्या शेवटच्या एका मिलिमीटरमध्ये साडेतीन मीटरपासून येळ्ळूरच्या राजहंसगडापर्यंत, आणि गडापासून चंद्रापर्यंत, सगळं जग बसलेलं असतं. माझ्या मिरवणुकीत हाच मिलिमीटर हरवला होता.

तो कुठे गेला? प्रत्येक कंपनी ठरवून टाकते की लेन्स जिथे टेकते ती धातूची कडा आणि फिल्म यांच्यात अमुक एवढंच अंतर असेल. याला फ्लँज अंतर म्हणतात. निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट (लेन्स अडकवायची रचना) आणला, त्याचं फ्लँज अंतर ४६.५ मिमी. हेलिओस आहे एम४२ माउंटची, म्हणजे ४२ मिमी व्यासाचे आटे. या माउंटसाठी ते ४५.४६ मिमी. म्हणजे हेलिओसला सेन्सर ४५.४६ वर हवा आहे आणि निकॉनच्या बॉडीत तो ४६.५ वर आहे. कडीची जाडी शून्य धरली तरी १.०४ मिमी लेन्स पुढेच राहिली. ३३६४ भागिले १.०४ केलं, वर नाभीय अंतराचे ५८ मिमी मिळवले, की सव्वातीन मीटर येतात. त्यापलीकडचं कधीच फोकस होणार नाही. कडी शून्य जाडीची नसतेच, म्हणून माझ्या टेपवर त्याहून कमी, सुमारे २.३ मीटर भरलं. उलटा हिशोब केला तर एकूण दीड मिलिमीटर जास्त येतो, म्हणजे कडीने स्वतःचा जवळजवळ अर्धा मिलिमीटर घातला होता. लेन्स ठणठणीत होती.

हाच प्रकार उलट्या दिशेने मात्र चालतो. कॅननच्या १९८७ च्या ईएफ माउंटचं फ्लँज अंतर ४४ मिमी. तिथे एम४२ लेन्स लावायला १.४६ मिमीची पातळ कडी पुरते, निकॉनची एफ लेन्स लावायला २.५ मिमीची. अंतर कमी पडलं तर कडीने भरून काढता येतं. जास्त झालं तर धातू कापून टाकायला जागाच नसते. दुकानात यावर काचेची कडी विकतात. तिच्यातलं छोटं अंतर्गोल भिंग प्रतिमा मागे ढकलतं आणि लांबचा फोकस परत मिळतो. पण काळजीपूर्वक बनवलेल्या सहा काचांच्या मागे एक स्वस्त सातवी काच आली की एफ/२ वर सगळा तलमपणा जातो. मी दोन दिवस वापरली, काढून ठेवली.

जुन्या कॅमेऱ्यांत हे अंतर ४०-४७ मिमी का, हे आरशामुळे. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये ४५ अंशांत आरसा असायचा, तो २४ मिमी उंचीच्या चौकटीला पुरेल एवढा मोठा, आणि बटण दाबलं की वर उडायला त्याला मोकळी जागा हवी. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ आला, आरसाच नाही, फ्लँज अंतर १९.२५ मिमी. २०१३ मध्ये सोनीच्या ए७ मालिकेने फिल्मएवढा मोठा सेन्सर १८ मिमी अंतराच्या माउंटमागे बसवला. निकॉन झेडमध्ये ते १६ मिमी, कॅनन आरएफमध्ये २०. आता सगळ्या जुन्या लेन्सना लांबच लांब मोकळी जागा मिळाली. आरसा गेला आणि पन्नास-साठ वर्षांच्या लेन्स एका फटक्यात कामाच्या झाल्या, याचा मला अजून आनंद होतो.

मी सोनीच्या याच १८ मिमीच्या ई माउंटचा एक सेकंडहँड कॅमेरा घेतला. ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमीची कडी हवी. ऑनलाइन आली, छान काळी, गुळगुळीत. मिरवणुकीतलं दुखणं गेलं. पण येळ्ळूरच्या रानातून राजहंसगडावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा एफ/२ वर घेतला तर तो किंचित मऊ. एफ/८ वर, म्हणजे छिद्र लहान केल्यावर, मात्र स्वच्छ.

कडी घेऊन मी उद्यमबागेत मावसभावाच्या वर्कशॉपमध्ये गेलो. त्याच्याकडे हायड्रॉलिकचे पार्ट होतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करायची हाताला सवय. त्याने कडी पुसली, मायक्रोमीटरमध्ये धरली, चार जागी मोजली. चारही ठिकाणी २७.५८. म्हणाला, "पॉइंट वन टू जास्त हाय की." साध्या कागदाची जाडी ०.१ मिमीच्या आसपास असते. तेवढंच, त्याहून जरासं जास्त. न्यूटनच्या हिशोबात ३३६४ भागिले ०.१२, म्हणजे २८ मीटर. गड त्याच्या कितीतरी पलीकडे.

एफ/८ वर का चाललं, तेही इथेच कळतं. लेन्समधून येणारा प्रकाश शंकूसारखा एका बिंदूवर येतो. एफ/२ वर शंकू रुंद, टोकाशी जरा मागे-पुढे झालं की ठिपका पसरतो. एफ/८ वर तो सुईसारखा. ठिपका ०.०३ मिमीपर्यंत चालवून घ्यायचा ठरवलं तर एफ/२ वर सेन्सर ०.०६ मिमी इकडे-तिकडे झालेला खपतो, एफ/८ वर ०.२४. आमची चूक ०.१२ ची. म्हणून "माझी कडी मस्त आहे" असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा विचारतो, कितव्या एफवर?

भावाने कडी लेथवर घेतली. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, नुसती आवळली असती तर पातळ कडी अंडाकृती झाली असती, म्हणून त्याने सॉफ्ट जॉ (पकडीचे मऊ धातूचे जबडे) तिच्या व्यासाला बोअर करून घेतले आणि मग हलक्या हाताने फेसिंग केलं, म्हणजे तोंडावरून पातळ थर काढला. अ‍ॅल्युमिनियमची चांदीसारखी कीस टूलवरून उडत होती. ०.१५ काढलं, २७.४३ झाली. मुद्दाम तीन शतांश कमी ठेवली, म्हणजे उष्णतेने, झिजेने काही झालं तरी लांबचं हातचं जाणार नाही. जाडीइतकाच त्याचा जोर दोन्ही बाजू समांतर राहण्यावर होता. एका बाजूला दोन-चार शतांश जास्त राहिले तर फोटोची डावी कड स्वच्छ आणि उजवी मऊ येते, आणि माणूस बिचाऱ्या लेन्सला दोष देत बसतो. काम झाल्यावर कडी पेट्रोलने धुतली, हवा मारली, परत धुतली. ती कीस सेन्सरवर गेली असती तर सगळा खेळ संपला असता.

या लेन्सबद्दल आणखी एक ऐकू येतं, की जुन्या काचेत आत्मा असतो, मागची पानं गोल भोवऱ्यासारखी फिरतात ही तिची जादू. भोवरा दिसतो, खरं आहे. कडेच्या तिरप्या प्रकाशाला लेन्सच्या नळीची पुढची आणि मागची रिंग कापते, त्यामुळे पुसट ठिपके वाटोळे न राहता बदामासारखे होतात, आणि सगळे मध्याभोवती रांग धरतात. कडेला लेन्सचे दोष पुरते सुधारलेले नसतात, तेही त्यात भर घालतात. मला तो परिणाम आवडतो, मी वापरतोही. पण त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजायला लावणाऱ्यांपासून सावध राहा. खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा जरूर करा, आमच्याकडेही होते. हळदकुंकू मात्र बॅगेवर वाहा. फोकसच्या आट्यांत गेलेलं कुंकू ग्रीसमध्ये मिसळलं की कडी करकरते, ते मी साफ केलेलं आहे.

तुमच्या अडॅप्टरच्या कडीची परीक्षा घ्यायला मायक्रोमीटर लागत नाही. रात्री गच्चीवर जा, लांबच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा पकडा, छिद्र पूर्ण उघडं ठेवा, स्क्रीनवर प्रतिमा मोठी करा. फोकस पीकिंगच्या रंगीत कडांवर इथे विसंबू नका. त्यात कॅमेरा शेजारच्या पिक्सेलांमधला फरक बघून कडा रंगवतो आणि थोडं मऊ असतानाही खूश होतो. मोठ्या केलेल्या प्रतिमेत दिव्याचा ठिपका लहान लहान होत जाईल. फोकसची कडी अडण्याआधीच तो सगळ्यात बारीक होऊन पुन्हा फुगायला लागला, तर अडॅप्टरची कडी पातळ आहे, चालेल. फोकस अडला तेव्हाही तो लहान होत चालला होता असं वाटलं, तर अडॅप्टरची कडी जाड आहे.

माझ्या हेलिओसवर टॉवरचा दिवा अनंताच्या खुणेच्या किंचित अलीकडे बारीक होतो. पुढच्या रविवारी येळ्ळूरला गेलो, एफ/२ वर पुतळ्याच्या चौथऱ्याचे सांधे मोजता आले.