गोचीड नुसता चावत नाही, रुततो

एखादा माणूस पिच्छा सोडत नसला की आपण म्हणतो, ‘गोचिडासारखा चिकटलाय.’ उपमा चपखल आहे, पण थोडी अपुरी. गोचीड कातडीला वरून चिकटत नाही, आत रुतून बसतो. हा फरक लक्षात आला की तो काढायचा कसा हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

गोचीड हा कीटक नव्हे, कोळी आणि विंचवाच्या गोतावळ्यातला जीव. पूर्ण वाढलेल्याला आठ पाय असतात. त्याला उडता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून तो वाट बघत बसतो. त्या पायांवरच्या एका इंद्रियाने त्याला जवळ येणाऱ्या प्राण्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. अंगावर आला की लगेच चावेलच असं नाही. काख, जांघ, गुडघ्यामागची खळगी, कानामागची जागा किंवा केसांचं मूळ शोधत तो बराच वेळ फिरतो.

जागा ठरली की काम सुरू होतं. तोंडाजवळची दोन धारदार उपांगं कातडी कापतात आणि त्या चिरेतून हायपोस्टोम नावाचा भाग आत सरकतो. त्याच्यावर मागे वळलेल्या काट्यांच्या रांगा असतात. मासे धरायच्या गळासारखंच हे, आत जाताना सोपं आणि बाहेर येताना अडणारं. बऱ्याच जातींचे गोचीड तर त्याभोवती लाळेतून एक प्रकारचं सिमेंट सोडतात, ते घट्ट होतं. त्याच लाळेत रक्त गोठू न देणारी आणि वेदना दाबणारी द्रव्यं असतात. म्हणून डास चावला की हात आपोआप जातो, आणि गोचीड मात्र दोन-दोन दिवस अंगावर असून पत्ता लागत नाही.

आता घरगुती उपायांकडे बघा. काडीचा चटका द्या, व्हॅसलीन फासा, नेलपॉलिश लावा, रॉकेल टाका. या सगळ्यांमागे एकच समजूत असते, की गोचिडाला त्रास दिला तर तो कंटाळून स्वतःच सुटेल. अमेरिकेतल्या ग्लेन नीडहॅम या संशोधकाने 1985 मध्ये याची सरळ परीक्षाच घेतली. व्हॅसलीन, नेलपॉलिश, अल्कोहोल आणि जळती काडी, असे चार उपाय त्याने चिकटलेल्या गोचिडांवर करून पाहिले. एकानेही गोचीड सुटला नाही. श्वास कोंडायचा म्हणावं तर गोचिडाचा श्वासोच्छ्वास इतका संथ असतो, की व्हॅसलीनखाली तो आरामात तग धरतो. वर धोका असा, की डिवचलेला गोचीड पोटातला द्रव उलट आपल्याच जखमेत सोडू शकतो, आणि काडीने भाजते ती आपली कातडी.

तेव्हा त्याचं मन वळवत बसू नये, सरळ उपटावा. काटा काढायला वापरतो तसा बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा. फुगलेलं पोट धरायचं नाही. ते दाबलं तर आतलं सगळं आपल्या अंगात जाण्याची भीती असते. चिमट्याची टोकं कातडीला अगदी टेकवून गोचिडाचं तोंड पकडायचं आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढायचं. हिसका नको. पिळणंही नको, कारण ते काटे म्हणजे काही स्क्रूचे आटे नव्हेत. कातडी थोडी तंबूसारखी वर येते, तेव्हा घाबरून हात सोडू नये. काही सेकंद ताण तसाच ठेवला की पकड सुटते.

कधी तोंडाचा तुकडा आत राहतो. लोक याचीच सगळ्यात जास्त धास्ती घेतात, खरं तर तेवढी गरज नसते. चिमट्याने सहज निघाला तर काढावा, नाहीतर राहू द्यावा. काट्याची कुसं जशी बाहेर पडतात तसा तोही कातडीतून बाहेर पडतो. सुईने कोरत बसलं तर मात्र जखम चिघळते. मग जागा आणि हात साबणाने धुवावेत किंवा अल्कोहोलने पुसावेत. निघालेला गोचीड नखांनी चिरडू नये. चिकटपट्टीत गुंडाळावा नाहीतर अल्कोहोलमध्ये बुडवावा.

घाई करायची ती रोगांमुळे. लाइम रोगाचे जिवाणू गोचिडाच्या आतड्यात असतात. तिथून लाळेत यायला त्यांना वेळ लागतो, साधारण 24 तासांहून जास्त. म्हणजे त्याआधी गोचीड काढला तर या रोगापासून बहुधा सुटका होते. पण सगळेच रोगजंतू एवढी सवड देत नाहीत. काही विषाणू चावल्यावर थोड्याच वेळात अंगात उतरतात. त्यामुळे डॉक्टरकडे जाईपर्यंत थांबण्यापेक्षा दिसला तिथेच काढलेला बरा. चिमटा नसेल तर बोटांनीही चालेल, पण पकड तीच, कातडीलगतची.

काढल्याची तारीख लिहून ठेवा. त्या जागी एक-दोन दिवस छोटा लाल डाग राहतो, ती नुसती चाव्याची प्रतिक्रिया असते. पुढच्या महिनाभरात तो डाग पसरत जाऊन मोठा झाला, ताप आला, सांधे किंवा डोकं दुखू लागलं, तर डॉक्टरांकडे जा. आणि गोचीड चावल्याचं स्वतःहून सांगा. तापाच्या रुग्णाला ते विचारायचं डॉक्टरांना सुचेलच असं नाही.